‘मोफत’ शिक्षणाचा जर्मन हिशेब

जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या आता सर्वाधिक आहे. शिकवणी शुल्क नाही आणि शिक्षण इंग्रजीतून मिळते, या दोन गोष्टींच्या भरवशावर अनेक कुटुंबे हा निर्णय घेतात. तेथील रोजचे जगणे कसे असते, याचा विचार मात्र विमानाचे तिकीट काढल्यानंतर सुरू होतो.

परदेशी शिक्षण म्हटले की एके काळी मराठी मध्यमवर्गाला अमेरिका आठवत असे. आता पुण्या-मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत जर्मनीचे नाव तितक्याच सहजपणे घेतले जाते. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांतील भारतीयांची संख्या सुमारे ४३ हजार झाली आणि त्यांनी प्रथमच चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले. २०२४-२५ मध्ये हा आकडा ५९ हजारांच्या आसपास पोहोचला.

महाराष्ट्राला जर्मन विद्यापीठे अपरिचित नाहीत. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि तेथूनच त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांचा प्रबंध जर्मन भाषेत होता. त्या पिढीला जर्मन शिकल्यावाचून जर्मनीत शिकणे शक्यच नव्हते. आज पदव्युत्तर पातळीवर इंग्रजी माध्यमाचे अनेक अभ्यासक्रम उपलब्ध आहेत आणि भाषेची ती अट वरवर पाहता सुटली आहे. ती खरोखर सुटली आहे काय, हा प्रश्न या विद्यार्थ्यांच्या भवितव्याच्या दृष्टीने कळीचा आहे.

शुल्क नाही, खर्च आहे

प्रथम पैशांचा विचार करू. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत, हे खरे आहे. मात्र याला अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रतिसत्र १,५०० युरो घेण्यास सुरुवात केली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांसाठी प्रतिसत्र दोन ते सहा हजार युरो शुल्क लागू केले. खासगी विद्यापीठांचे गणित तर पूर्णपणे वेगळे आहे.

शुल्क नसले तरी एक वर्षाच्या उदरनिर्वाहाची रक्कम व्हिसासाठी आधीच दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक, ठरविण्यात आली. ती ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये राहते आणि दरमहा ९९२ युरोच हाती येतात. त्यातून आरोग्य विम्याचे दीडशे युरोंच्या घरातील पैसे वजा होतात. विम्याची ही सवलतीची विद्यार्थी श्रेणी सर्वसाधारणपणे तिसाव्या वर्षापर्यंतच मिळते. काही वर्षे नोकरी करून उशिरा शिकायला जाणाऱ्यांनी ही बाब विशेषत्वाने ध्यानात घ्यावी. उरलेल्या रकमेत भाडे, जेवण व पुस्तके बसवायची असतात. लहान शहरांत हे काटकसरीने जमते, म्युनिकसारख्या महानगरात ते अतिशय अवघड जाते.

कमतरता भरून काढण्यासाठी विद्यार्थी अर्धवेळ काम करतात. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा मिळाली आहे. तथापि, उपाहारगृहात वा गोदामात रात्रपाळी करून सकाळच्या व्याख्यानाला बसणे किती काळ निभते, याचा विचार कर्जाचा अर्ज भरतानाच व्हायला हवा.

पत्त्यावाचून सारे अडते

पैशांनंतर प्रश्न येतो घराचा, आणि तो अनेकांना पहिल्याच महिन्यात गाठतो. विद्यार्थी कल्याण संस्थांची वसतिगृहे स्वस्त असतात, पण मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी कित्येक महिन्यांची असते. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र आवश्यक असते. ही नोंदणी झाल्याखेरीज निवास परवान्याचे काम पुढे सरकत नाही आणि पगारासाठी लागणारा कर क्रमांकही रखडतो. मित्राच्या खोलीत पाहुणा म्हणून काही आठवडे काढणे आपल्याकडे अगदी स्वाभाविक मानले जाते. तेथे त्या काही आठवड्यांत कागदपत्रांची सारी साखळीच खोळंबते. या अगतिकतेचा फायदा घेणारे भामटेही आहेत. घर न दाखवताच अनामत मागणाऱ्याला पैसे पाठवू नयेत, हा नियम कटाक्षाने पाळावा.

नोंदणी झाली की टपालपेटीत पत्रे येऊ लागतात. सार्वजनिक प्रसारण सेवेचे शुल्क हे त्यातील हमखास येणारे पत्र. दूरचित्रवाणी संच नसला तरी प्रत्येक घरामागे ते भरावे लागते. पत्र जर्मनमध्ये असते, म्हणून ते बाजूला ठेवले जाते आणि पुढच्या पत्रात दंडाची रक्कम वाढलेली असते. कागदाला कागदाने आणि मुदतीत उत्तर द्यायचे, ही तेथील नागरी जीवनाची मूळ शिस्त आहे. कचरा चार-पाच डब्यांत वेगळा करणे, रात्री दहानंतर शांतता पाळणे, रविवारी दुकाने बंद असतात म्हणून शनिवारीच किराणा भरणे हे सारे याच शिस्तीचे भाग. रविवारच्या विश्रांतीला तर तेथील राज्यघटनेचेच संरक्षण आहे.

कोणी विचारत नाही

खरी परीक्षा मात्र विद्यापीठात असते. आपल्याकडे ७५ टक्के हजेरी, चाचण्या, जर्नल तपासणी अशा टेकूंवर विद्यार्थी उभा असतो. जर्मन विद्यापीठात व्याख्यानाची हजेरी बहुधा घेतली जात नाही. दहाचे व्याख्यान परंपरेने सव्वादहाला सुरू होते, संपल्यावर विद्यार्थी टाळ्यांऐवजी बाकांवर टकटक करून दाद देतात आणि प्राध्यापक निघून जातात. विषय समजला का, हे कोणी विचारत नाही. अनेक विषयांचे गुण सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर ठरतात. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत चुकली तर ते सत्र वाया जाते.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजू कठोर आहे. अनेक अभ्यासक्रमांत एका विषयाची परीक्षा जास्तीत जास्त तीनदा देता येते. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा अपयश आले की विद्यार्थ्याचे नाव कमी केले जाते आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतील दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. परदेशी विद्यार्थ्याचा निवास परवाना शिक्षणाशी जोडलेला असल्याने अशा वेळी देशातील वास्तव्यच धोक्यात येते. एटीकेटीच्या सवयीने वाढलेल्या मुलांना हा नियम पहिल्या सत्रातच माहीत असायला हवा. विद्यापीठांत मार्गदर्शन केंद्रे असतात आणि मानसशास्त्रीय सल्लाही मिळतो. मात्र दार आपणच ठोठवावे लागते. डिसेंबरात बर्लिनमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या अंधारात घरी फोनवर ‘सगळे छान चालले आहे’ असे सांगणारा मुलगा दुसऱ्या प्रयत्नातही नापास झालेला असू शकतो.

वर्गात इंग्रजी, दारात जर्मन

या सर्व अडचणींच्या मुळाशी भाषा आहे. वर्गात इंग्रजी चालते, पण घरमालक, नगर कार्यालय, डॉक्टर आणि शेजारी जर्मनच बोलतात. अनोळखी वा वडीलधाऱ्या व्यक्तीशी ‘अहो-जाहो’ने बोलण्याचा संकेत जर्मनमध्येही आहे, त्यामुळे मराठी माणसाला ती भाषा स्वभावाने परकी वाटण्याचे कारण नाही. तरीही पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र घेऊन पुढचा अभ्यास ‘तिकडे गेल्यावर’ करण्याकडे कल असतो. तिकडे गेल्यावर वेळ अभ्यासाला आणि कामाला पुरत नाही. सायंकाळी वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात भारतीयांचाच गट जमतो आणि दोन वर्षे सरतात.

पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. वृद्धत्वाकडे झुकलेल्या जर्मनीला मनुष्यबळ हवे आहे, यात शंका नाही. भारतीय कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसासंख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचा निर्णय तेथील सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला. मात्र २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे जर्मन अर्थव्यवस्था आक्रसली. अशा काळात कंपन्या निवड करताना अधिक चोखंदळ होतात. मध्यम आकाराच्या, कौटुंबिक मालकीच्या ज्या उद्योगांवर जर्मनीची कीर्ती उभी आहे, त्यांचा रोजचा व्यवहार जर्मनमध्ये चालतो. बर्लिनच्या काही नवउद्योगांत इंग्रजीवर निभावते, सर्वत्र नाही. तेव्हा शुल्कात वाचलेले पैसे भाषेअभावी लांबलेल्या बेकारीत खर्ची पडण्याचा संभव असतो.

याचा अर्थ जर्मनीला जाऊ नये असा नव्हे. शिक्षणाचा दर्जा, संशोधनाच्या सोयी आणि कर्जाचा तुलनेने हलका बोजा पाहता हा पर्याय आजही उत्तम आहे. मात्र निर्णयाचा क्रम बदलायला हवा. मॅक्समुल्लर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांमुळे पुण्यात जर्मन शिकण्याची सोय कित्येक दशकांपासून आहे. प्रवेशाच्या आधी किमान एक वर्ष भाषेला द्यावे, शहर निवडताना विद्यापीठाच्या नावाइतकाच भाड्याचा विचार करावा आणि परीक्षेचे नियम प्रवेशपत्रासोबतच वाचावेत. पालकांनीही सल्लागाराला ‘शुल्क किती’ हे विचारून थांबू नये. मुलाला जर्मन किती येते आणि तो एकटा किती उभा राहू शकतो, हे दोन प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायचे आहेत.