रेघेच्या अलीकडे आदिम, पलीकडे कोण?

मंडळी, सीमेची झळ म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. १९५६ साली नकाशावर रेघ ओढली गेली आणि एकाच घरातली माणसं दोन सरकारांची झाली. आपण त्यावर बोललो, लढलो, अजून लढतोय. पण याच रेघेवर आणखी एक समाज अडकलाय. त्याच्यासाठी ना मोर्चा निघतो, ना ठराव होतो. तो म्हणजे कातकरी.

खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल कायद्यांनी खैर हातचा गेला आणि हा समाज वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर आला. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन अख्खं कुटुंब बाहेर पडतं आणि पावसाच्या तोंडावर परततं. यातली काही कुटुंबं कोळसा पाडायला कर्नाटकात येतात.

आता सरकारी कागद बघा. महाराष्ट्रात कातकरी ही आदिम जमात, म्हणजे विशेष असुरक्षित गट. गुजरातेत काथोडी म्हणून तोच दर्जा. कर्नाटकात अनुसूचित जमातीच्या यादीत नाव आहे, पण आदिम जमाती दोनच: जेनू कुरुबा आणि कोरगा. गोव्याच्या यादीत तर कातकरी नाहीतच. माणूस तोच, भूक तीच, रेघ ओलांडली की सरकारी ओळख वेगळी!

हे का होतं? घटनेच्या ३४२व्या कलमानुसार अनुसूचित जमातींची यादी त्या त्या राज्यापुरती असते. दुसऱ्या राज्यात गेलेल्याला मूळ राज्यातला दर्जा सोबत नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९०च्या निकालात स्पष्ट केलं. आदिम जमातींची यादीही राज्यवारच आहे.

१५ नोव्हेंबर २०२३ला केंद्रानं पीएम-जनमन योजना सुरू केली. देशातल्या ७५ आदिम जमातींसाठी तीन वर्षांत सुमारे २४ हजार कोटी; घर, रस्ता, पाणी, वीज, अंगणवाडी, फिरता दवाखाना. योजना चांगलीच आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तारीख बघा. दिवाळी नुकतीच झालेली, म्हणजे वाड्या रिकाम्या व्हायचे दिवस. दाराला कुलूप असेल तर सर्वेक्षण कुणाचं करणार? घरासाठी जागा लागते, आणि कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. जातीच्या दाखल्यासाठी १९५०च्या आधीचा पुरावा मागितला जातो. पिढ्यान्‌पिढ्या फिरतीवर असलेल्यानं तो आणायचा कुठून? आदिम ठरवायची एक खूण कमी साक्षरता ही आहे, आणि दारात कागद मागतात पन्नास सालचा!

हे बदलणं अशक्य आहे का? मुळीच नाही. कोलाम समाज यवतमाळ-चंद्रपुरातही आहे आणि पलीकडे तेलंगणात आदिलाबादलाही. दोन्हीकडे त्याला आदिम जमातीचा दर्जा आहे. रेशनचंही तसंच. अन्न सुरक्षा कायद्याचं धान्य आता देशात कुठल्याही रास्त भाव दुकानातून उचलता येतं. धान्य रेघ ओलांडू शकतं, तर माणसाचा दर्जा का नाही?

म्हणून मागणी साधी आहे. कातकऱ्यांना कर्नाटकातही आदिम जमात म्हणून मान्यता मिळावी. सर्वेक्षण पावसाळ्यात, लोक वाडीवर असताना व्हावं. दाखल्यासाठी जुना कागद नसेल तर गृहचौकशीवर भागावं. आणि भट्टीवरच्या पोराला जवळच्या अंगणवाडीत खाऊ आणि लस मिळावी, मग त्याचं गाव कुठल्याही राज्यातलं असो.

यातलं शेवटचं काम आपल्याही हातात आहे. यंदा तुमच्या शिवारात कोळसाभट्टी लागली तर एकदा जाऊन या. रेशन मिळतंय का, पोरं कुठं असतात, एवढं विचारा. दुकानदार नाही म्हणत असेल तर सोबत जाऊन उभे राहा. कानडीत अर्ज लिहून द्या. कागद आपल्या भाषेत नसला की माणूस कसा हतबल होतो, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

आपण आपल्या भाषेसाठी न्याय मागतो. रेघेनं तोडलेला प्रत्येक माणूस त्या न्यायात बसला पाहिजे. नाहीतर आपली लढाई फक्त पाट्यांपुरती उरेल.