सूड आणि दाद

सुडाची इच्छा मनात येऊच नये, असा उपदेश करणारे बहुधा अन्याय न सोसलेलेच असतात. पोशेऱ्यापासून फार दूर नसलेल्या उंबरगाव-डहाणू भागातील वारल्यांनी जमीनदारांची वेठ पिढ्यान्‌पिढ्या सोसली. 1945 साली ते उठले, तेव्हा विळे हाती होतेच. पण त्यांनी गवत कापण्याचेच नाकारले! पाचशे पौंडांस अडीच रुपये, एवढीच मागणी. घाव मानेवर न पडता तिजोरीवर पडला. तलवाड्यास त्यांच्यावर गोळ्या मात्र झाडल्या गेल्या. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली खरी. परंतु दाद मागणाऱ्या मजुरास तारखांवर तारखा देणारी कचेरी सुडाला आमंत्रणच धाडते. आमच्या व्यापारी वाचकांनी शांततेचा उपदेश करण्यापूर्वी मजुराची बाकी चुकती करावी.