चिठ्ठी आणि खाट

ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री आणलेल्या अत्यवस्थ रुग्णाच्या नातलगांहाती पुष्कळदा एक चिठ्ठी पडते : जिल्हा रुग्णालयात न्यावे. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरवर रोष धरणे सोपे असते.

१९९२ साली आगगाडीतून पडून जखमी झालेल्या पश्चिम बंगालमधील एका शेतमजुरास कलकत्त्याच्या सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही, सोय नाही’ म्हणून एकामागून एक परत पाठविले. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये मोजावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्यास २५ हजारांची भरपाई देवविली व पैशाच्या चणचणीची सबब शासनास सांगता येणार नाही, असे बजावले. पण निकालाने भूलतज्ज्ञ थोडाच नेमला जातो! राष्ट्रीय निकषांनुसार सपाट प्रदेशात १ लाख २० हजार वस्तीमागे ३० खाटांचे रुग्णालय व तेथे शल्यचिकित्सक हवा. मात्र भूल देणारा नसेल, तर शस्त्रक्रियागृह असून नसल्यासारखेच.

वैद्यकीय सेवेस बाजाराचे सामान्य नियम लागू पडत नाहीत, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखविले होते. बेशुद्ध माणूस भाव काय करणार? महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले, १०८ ची रुग्णवाहिकाही फुकट नेते; हे स्वागतार्हच. तरीही सोबत्यांचा बुडालेला रोज आणि प्रसंगी खासगी रुग्णालयाची अनामत कुटुंबाच्याच माथी येते. रिक्त पदामुळे शासनाचे वाचलेले वेतन अशा रीतीने गरिबाच्या कर्जात जमा होते. तालुक्यागणिक भूलतज्ज्ञाचे पद किती महिने रिक्त राहिले, याचा तक्ता दर अर्थसंकल्पासोबत विधिमंडळापुढे ठेवावयास हवा.