काटेरी झाड आणि घरातली भांडणे

काटेरी झाड घरात ठेवले की घरात भांडणे होतात, असे आपल्याकडे अगदी खात्रीने सांगतात. माझ्या गच्चीवर कॅक्टसच्या कुंड्या आहेत, त्यामुळे हा सल्ला मला वर्षातून दोन-चारदा तरी ऐकावा लागतो. (हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी तो दिलेला आहे. त्यांनी रागावू नये!)

पण गंमत पाहा. हेच लोक पावसाळ्यात घरचे ब्रह्मकमळ फुलणार म्हटले की शेजाऱ्यांना बोलावणे धाडतात. रात्री नऊ-दहाच्या सुमारास फूल उमलू लागते, हळदकुंकू वाहतात, आरती होते, मोबाइलवर फोटो फिरतात. उजाडेपर्यंत फूल मान टाकते. आता सांगायची गोष्ट अशी की, आपल्या कुंडीतले हे ब्रह्मकमळ चक्क कॅक्टस आहे! त्याचे मूळ मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर येते, ते उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. वाशिमच्या उन्हात ते जगायचे नाही. आपल्या झाडाचे आपण ज्याला पान म्हणतो ते चपटे खोड असते, म्हणून तर कळी त्याच्या कडेतून फुटते. त्याला काटे नाहीत म्हणून त्याची पूजा, आणि त्याची काटेरी भावंडे मात्र अपशकुनी. हा कुठला न्याय?

काटा म्हणजे तरी काय? ते या झाडाचे पानच आहे. पानांतून पाणी उडून जाते, म्हणून पानांचे काटे झाले आणि पाणी खोडात साठले. दिवसा हे झाड आपली रंध्रे मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते. उन्हाळ्यात एकबुर्जी धरणात किती पाणी उरले याची चौकशी करणाऱ्या आपल्या गावाला ही काटकसर तर लगेच पटायला हवी.

आणि फुले? येतात की! मॅमिलॅरियाच्या डोक्याभोवती थंडी सरता सरता गुलाबी फुलांचे कडे उमटते. मात्र काही पथ्ये आहेत. नुसती काळी माती चालत नाही, ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. निम्मी रेती किंवा बारीक मुरूम, थोडी माती, थोडे जुने शेणखत आणि कुंडीला खाली भोक हवेच. माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी घालू नये. थंडीत तर महिन्यातून एखादे वेळी पुरते. या विश्रांतीनंतरच कळ्या धरतात. सकाळचे ऊन भरपूर द्यावे, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर गेला की दुपारी हिरवी जाळी बांधावी, कारण कॅक्टससुद्धा भाजतो. ब्रह्मकमळाला मात्र सावली आणि जरा जास्त पाणी लागते. रोपवाटिकेत हिरव्या खोडावर लाल गोळा बसवलेला मिळतो, ते फूल नव्हे, कलम आहे, हेही ध्यानात असू द्या.

घरात रांगते मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. काट्यांची खरी भीती तेवढीच.

हे सगळे लिहायला कारण घडले. ओळखीच्या एका घरात सुनेने माहेराहून हौसेने आणलेल्या दोन कुंड्या वडीलधाऱ्यांनी उकिरड्यावर टाकल्या. घरातल्या कुरबुरी म्हणे त्या झाडांमुळे होत्या, म्हणजे पर्यायाने तिच्यामुळे! कुंड्या गेल्या, कुरबुरी आहेत तशाच आहेत. झाडाला दोष दिला की माणसांना एकमेकांशी बोलावे लागत नाही, ही खरी सोय. त्यात एखाद्या पोरीचे मन दुखावते, ते कोणी मोजत नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. ब्रह्मकमळाची आरती खुशाल करा, पण काटेरी कुंडीवर आणि ती आणणाऱ्या माणसावर आळ घेऊ नका. आणि नकोच असेल ती कुंडी, तर उकिरड्यावर टाकू नका. आमच्या गच्चीवर अजून जागा आहे.