दोष चाकाचा, शिक्षा टाय रॉडला

स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले, खड्ड्यात खडखडू लागले की गॅरेजमध्ये पहिला बळी जातो टाय रॉड एंडचा. नवा बसतो, अलाइनमेंट होते आणि काही महिन्यांत खडखडाट पुन्हा सुरू. मग ‘पार्ट डुप्लिकेट होता’ असा निकाल लागतो. अनेकदा पार्ट निर्दोष असतो. खरा गुन्हेगार शेजारीच, चकचकीत अलॉय व्हीलच्या रूपात असतो.

चाक हबला जिथे टेकते ती जागा आणि रिमच्या रुंदीचा मध्य, यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. ते मिलिमीटरमध्ये असते आणि बहुतेक अलॉय रिमवर ‘ईटी ४५’ असे उमटवलेले असते. ४५ च्या जागी ३५ चे चाक बसवले, तर टायरचा मध्य १० मिलिमीटर बाहेर सरकतो. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण चाक ज्या अक्षाभोवती वळते तो जमिनीला जिथे मिळतो, तिथून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर मुळातच थोडे असते. ते १० असेल तर २० होते. म्हणजे ब्रेक दाबताना चाकाला बसणारा पीळ दुप्पट. तो सोसतात टाय रॉड आणि स्टिअरिंग रॅक. बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच. स्पेसर लावला तरी तेच. अलाइनमेंटच्या यंत्रावर टो जुळवता येतो. बाहेर गेलेला मध्य आत येत नाही.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काही मायक्रॉनची चूक झाली तरी माल नापास होतो. त्याच पट्ट्यात चाके मात्र डिझाइन पाहून खपतात. बोल्टची छिद्रे जुळली की दुकानदार म्हणतो, ‘बसतंय की!’ दोष घेणाऱ्याचा कमी, विकणाऱ्याचा जास्त. नाशिक महामार्गावर कंटेनरच्या शेजारून जाताना टाय रॉड एंड निसटला, तर ते चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. पण तपासणार कोण?

निदान बिलावर रिमची रुंदी आणि ऑफसेट लिहिण्याची सक्ती व्हायला हवी. तोवर स्टिअरिंगचा पार्ट घेण्याआधी चाकाचा आकडा पाहावा. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर सहसा टायरचा आकार आणि हवेचा दाब तेवढा मिळतो. ऑफसेटसाठी मूळ रिम, नाहीतर डिकीतले स्टेपनीचे चाक उलटे करून पाहावे.