चूक खोडावी, माणूस खोडू नये

एखादा वैज्ञानिक दावा फसल्याची बातमी आली की लखनौच्या गोमती नगरापासून पुण्याच्या कोथरूडपर्यंत शेरेबाजीला ऊत येतो. नेमके काय चुकले हे सांगणारे थोडे. दावा करणाऱ्याची लायकी काढणारे फार. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी या पंक्तीला बसू नये. का, हे विंध्य खडकांनी दोनदा शिकवले आहे.

१९९८ मध्ये रफत आझमी यांनी या खडकांत कँब्रियन काळातील, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडल्याचे जाहीर केले. खडकांचे वय त्याहून कितीतरी अधिक मानले जात होते. वाद पेटला, जीवाश्मांच्या खरेपणावरच शंका घेतली गेली. २००९ मध्ये स्टेफान बेंग्ट्सन आणि सहकाऱ्यांनी नव्याने नमुने गोळा करून तपासले. निष्कर्ष असा : जीवाश्म खरे, पण वय सुमारे १६५ कोटी वर्षे. अनुमान शंभर कोटी वर्षांनी चुकले होते. निरीक्षण अस्सल होते. शंकेवरच निकाल लावून सारे थांबले असते, तर चुकीच्या वयासोबत खरे जीवाश्मही केरात गेले असते.

दुसरा धडा भीमबेटक्याचा. २०२१ मध्ये ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी तेथील गुहेच्या छतावर ‘डिकिन्सोनिया’ या प्राचीन जीवाचा ठसा असल्याचे प्रसिद्ध केले. जोसेफ मीर्ट आणि सहकाऱ्यांनी जागेवर जाऊन पाहिले, तर ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष! त्यांनी २०२३ मध्ये पुरावा मांडला आणि रिटॅलॅक यांनी चूक उघडपणे मान्य केली. त्यावर पोळ्याचे विनोद करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : कबुलीची टर उडवली जाते तेथे पुढचा संशोधक कबुली देत नाही, चूक झाकतो. मग पाठ्यपुस्तकात शिरलेले पोळे बाहेर कोण काढणार?

मवाळपणाने भोंदूंचे फावते, असा आक्षेप घेतला जाईल. पण सभ्यता म्हणजे मौन नव्हे. मीर्ट यांनी दावा मुळासकट उपटला. त्यासाठी कोणाचा पाणउतारा करावा लागला नाही. लबाडीचा आरोप करायचा असेल तर लबाडीचा स्वतंत्र पुरावा द्यावा; चूक हा तो पुरावा नव्हे.

म्हणून खंडन करण्यापूर्वी मूळ निबंध वाचावा. निरीक्षण चुकले, मोजमाप चुकले की अनुमान, हे वेगळे सांगावे. आणि चूक मान्य झाली की विषय तेथेच मिटवावा.