मोल भाषेचे की पारपत्राचे?

परदेशी जाऊन इंग्रजी शिकवावे, ही कल्पना आपल्याकडील सुशिक्षित तरुणास अलीकडे मोह घालू लागली आहे. त्यात नवल नाही. एम.ए. झाले, बी.एड. झाले, पात्रतेच्या परीक्षाही देऊन झाल्या, आणि हाती येते ते महाविद्यालयातील तासिका तत्त्वावरील काम, नाही तर शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन. जानेवारी २०२३ पासून हे मानधन वाढविण्यात आले, तेव्हा प्राथमिक शाळेसाठी ते महिना १६ हजार आणि माध्यमिक शाळेसाठी १८ हजार रुपये ठरले. त्यापूर्वी ते किती होते, याची आठवण ज्यांनी ते घेतले त्यांनाच विचारावी. अशा स्थितीत सोल, तोक्यो, हनोई येथे इंग्रजीच्या शिक्षकांस मागणी आहे, राहण्याची सोय होते, कोठे कोठे विमानाचे भाडेही मिळते, असे कानावर आले की आयुष्यात कधी मुंबईपलीकडे न गेलेला तरुणही पारपत्राच्या कचेरीची वाट विचारू लागतो. त्याने ती जरूर विचारावी. परंतु ज्या बाजारात माल घेऊन जावयाचे त्या बाजाराची रीत आधी पाहून घ्यावी, एवढी सावधगिरी तर कांद्याची गाडी भरणारा शेतकरीही बाळगतो.

परदेशात शिकविणारा भारतीय शिक्षक ही काही नवी गोष्ट नव्हे. सम्राट हैले सेलासी यांच्या कारकीर्दीत इथिओपियाच्या माध्यमिक शाळांचे माध्यम इंग्रजी होते, आणि त्या शाळांत भारतीय शिक्षक, त्यातही केरळातील, मोठ्या संख्येने काम करीत होते. १९७४ मध्ये सम्राट पदच्युत झाले; पुढील उलथापालथीत यांपैकी अनेकांनी तो देश सोडला. तरी इथिओपियाच्या एका पिढीच्या शालेय आठवणीत साडी नेसलेली भारतीय शिक्षिका आहेच. भूतान आणि मालदीव येथील शाळांनीही भारतीय शिक्षकांचा आधार वर्षानुवर्षे घेतला. तेथे शिक्षकाची पदवी पाहिली गेली, अनुभव पाहिला गेला. घरी आईशी तो कोणत्या भाषेत बोलतो, ही चौकशी कोणी केली नाही.

पूर्व आशियातील श्रीमंत देशांत मात्र पहिला प्रश्न नेमका तोच असतो. दक्षिण कोरियात परभाषा शिकविण्यासाठी जो व्हिसा दिला जातो, तो इंग्रजीपुरता सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनच्या नियमांप्रमाणे परभाषेच्या शिक्षकाने आपली मातृभाषाच शिकवावी, असा दंडक आहे. जपानची रीत थोडी निराळी. सरकारी योजनेखाली परदेशी तरुणांना शाळांत साहाय्यक म्हणून आणण्यास तेथे १९८७ मध्ये आरंभ झाला, तेव्हा चार देशांतून ८४८ जण आले होते. पुढे देशांची संख्या पुष्कळ वाढली. परंतु शाळेत परभाषा शिकविण्यासाठी जो 'शिक्षक' दर्जाचा निवासपरवाना लागतो, त्याची एक अट अशी की त्या भाषेतून बारा वर्षे शिक्षण झालेले असावे. नियम दिसावयास निःपक्षपाती आहे, कारण त्यात कोणत्याही देशाचे नाव नाही. तथापि साताऱ्याच्या किंवा परभणीच्या मराठी शाळेतून दहावी होऊन इंग्रजी वाङ्मयात प्रथम वर्गात एम.ए. झालेला मनुष्य या अटीपाशी अडतो, आणि इंग्रजी शाळेतून कसाबसा पार पडलेला पुढे सरकतो.

यातील विसंगती आकड्यांवरून स्पष्ट होईल. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून नोंदविणारे भारतीय २ लाख ५९ हजार ६७८ होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती नोंदविणारे धरले तर संख्या १२ कोटींच्या वर जाते. म्हणजे इंग्रजी जाणणारांचा एवढा मोठा समूह जगात अमेरिकेबाहेर क्वचितच सापडेल; आणि तो जवळजवळ सगळाच्या सगळा या बाजाराच्या दारात अडविला जातो. वस्तुतः परकी भाषा कशी शिकावी, ती कोठे अडते, व्याकरणाच्या कोणत्या वळणावर विद्यार्थी घसरतो, हे ज्याने स्वतः घसरून पाहिले आहे त्याला अधिक कळते. पाळण्यापासून जी भाषा बोलली तिच्यातील 'द' आणि 'अ' या उपपदांचे नियम सांगता येत नाहीत, हे कोरियात गेलेल्या कित्येक अमेरिकन पदवीधरांस पहिल्याच आठवड्यात उमगते. मातृभाषिक तोच उत्तम शिक्षक ही समजूत १९६१ मध्ये कंपाला येथील मकेरेरे महाविद्यालयात भरलेल्या परिषदेने रूढ केली, असे रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आणि तिला भ्रम म्हटले. इंग्रजी शिक्षकांच्या 'टेसॉल' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध निवेदन काढले. निवेदने निघाली; जाहिराती बदलल्या नाहीत.

त्या का बदलत नाहीत, याचे उत्तर भाषाशास्त्रात नसून अर्थशास्त्रात आहे. शिकवणी ही अशी वस्तू आहे की तिचा कस विकत घेताना कळत नाही. कळतो तो वर्षा-दोन वर्षांनी, आणि तेव्हाही अपयशाचा दोष मुलावर जातो. अशा बाजारात ग्राहक खुणेवर विसंबतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातील खुणांचे जे विवेचन केले, आणि ज्यासाठी २००१ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, ते येथे चपखल बसते. फरक इतकाच की पदवीची खूण कष्टाने मिळवावी लागते, पारपत्राची जन्माने मिळते. सोलमधील शिकवणीवर्गाच्या मालकास भारतीय शिक्षक नालायक वाटतो असे नव्हे; फी भरणाऱ्या पालकास गोरा चेहरा हवा असतो आणि मालक तो पुरवितो. ग्राहकाच्या आवडीतून उपजणाऱ्या या भेदभावाचे विश्लेषण गॅरी बेकर यांनी १९५७ मध्येच केले होते. त्यात कोरियन पालकास नावे ठेवण्याचे आपणास तरी कारण नाही. गल्लीतल्या शाळेच्या पाटीवर 'कॉन्व्हेंट' हा शब्द आला की आपलेही पाय तिकडेच वळतात.

या भिंतीस एक लहानशी खिडकी आहे, आणि ती आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार ७ ऑगस्ट २००९ रोजी झाला व १ जानेवारी २०१० पासून अंमलात आला. पदवी आणि इंग्रजी अध्यापनाची अर्हता असलेल्या भारतीयांस कोरियातील प्राथमिक व माध्यमिक शाळांत काम करता येईल, अशी तरतूद त्यात आहे. मात्र ते काम 'साहाय्यक' शिक्षकाचे. पंधरा-वीस वर्षे वर्ग सांभाळलेला मनुष्यही तेथे साहाय्यकच राहणार. आणि बावीस वर्षांचा, एकही तास न घेतलेला कॅनडाचा पदवीधर मात्र मुक्त बाजारात 'शिक्षक' म्हणून मिरविणार. असे असले तरी या तरतुदीचे महत्त्व कमी लेखू नये. सेवांच्या व्यापारात माणसांना ये-जा करू द्यावी, ही भारताची जुनी मागणी आहे. ती संगणक अभियंत्यांपुरती नाही, शाळामास्तरालाही लागू होते, हे या एका कलमाने मान्य केले.

साहाय्यक म्हणजे काय, हेही जाणून घेणे बरे. जपानी शाळेत साहाय्यकाने स्थानिक शिक्षकाच्या शेजारी उभे राहावे, तो खूण करील तेव्हा धडा मोठ्याने वाचावा, मुलांनी तो म्हणावा, असा क्रम पुष्कळ ठिकाणी असतो. आपण चालतेबोलते टेपरेकॉर्डर झालो आहोत, अशी या लोकांची जुनी तक्रार आहे. आपल्याकडे चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकछत्री राज्य केलेल्या शिक्षकास हे मानवणे सोपे नाही. तेथील मुले प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही गप्प बसतात, आणि ती शांतता अज्ञानाची नसून चुकीच्या भीतीची असते, हे समजण्यासही काही महिने जातात.

खरी जोखीम मात्र वर्गात नाही, करारपत्रात आहे. व्हिसा बहुधा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की राहण्याचा हक्क डळमळतो, आणि घर मालकाने दिलेले असेल तर डोक्यावरचे छप्परही त्याच दिवशी जाते. जपानमधील 'नोव्हा' या सर्वांत मोठ्या इंग्रजी शिकवणीवर्गाचे दिवाळे ऑक्टोबर २००७ मध्ये वाजले, तेव्हा सुमारे चार हजार परदेशी शिक्षक पगाराविना अडकले. कित्येकांच्या पगारातून घरभाडे कापून घेतले गेले होते, पण घरमालकापर्यंत पोहोचले नव्हते. काहींनी जेवणाच्या मोबदल्यात शिकवण्या घेतल्या. हे श्रीमंत देशांचे नागरिक होते, त्यांचे दूतावास जागे होते, तरी ही अवस्था. चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी घातली आणि परदेशात बसून चिनी मुलांना शिकविणाऱ्यांचे उत्पन्न एका फटक्यात संपले. कोरियात एक वर्ष पूर्ण केलेल्या नोकराला सोडताना महिन्याचा पगार देणे कायद्याने भाग आहे. म्हणून अकराव्या महिन्यात शिक्षकाचे काम नापसंत करणाऱ्या मालकांच्या कथा तेथे ऐकू येतात.

या सगळ्यावर आपल्या शहरांतील दलालांची दुकाने चालतात. दोन दिवसांत अध्यापनाचे 'आंतरराष्ट्रीय' प्रमाणपत्र देणारे वर्ग आणि पर्यटकाच्या व्हिसावर पाठवून 'तिकडे गेल्यावर बदलून घेऊ' म्हणणारे मध्यस्थ यांच्यात फारसे अंतर नसते. केंब्रिजचे जे प्रमाणपत्र जगभर मान्य आहे, त्यास सुमारे १२० तासांचा अभ्यास आणि खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास अध्यापन लागते. ते शनिवार-रविवारी होत नाही. ज्यास खरोखर जावयाचे आहे त्याने आधी ते करावे, पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का घ्यावा, करारपत्र आपल्या भाषेत कोणाकडून तरी वाचून घ्यावे, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे कोणाच्याही हाती न देता बँकेत ठेवावेत. घरचे दागिने मोडून जाण्यासारखी ही वाट नाही. दोन वर्षांची रजा मिळत असेल, मागे नोकरी शाबूत असेल, तर मात्र जाणाऱ्यास अडवू नये.

राहता राहिला शासनाचा प्रश्न. कोरियाबरोबरच्या कराराच्या फेरविचारासाठी २०१६ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. त्यांतून आपल्यापर्यंत येणाऱ्या बातम्या भारताच्या वाढत्या व्यापारतुटीच्या असतात. तूट भरून काढावयाची तर देशाने काय विकावे, याचा विचार करताना बी.एड. झालेल्या, इंग्रजी शिकविता येणाऱ्या आणि येथे १८ हजारांवर अडकलेल्या माणसांकडे वाणिज्य मंत्रालयाने एकदा पाहावे. त्या कलमातील 'साहाय्यक' हा एक शब्द काढून घेण्यास पोलादावरील जकातीइतकी घासाघीस खचित लागणार नाही.